भिंतीवरची खोकड

आमच्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस पाण्याचा तांब्या हातात घेता घेता भिंतीकडे बघतो आणि हसतो. देवाची तसबीर, वडिलांचा हार घातलेला फोटो आणि त्याच्या शेजारी हा चार पायांचा प्राणी. "नशीबवान आहात बुवा," तो म्हणतो, "रोज कोल्ह्याचं तोंड बघून उठता!" पूर्वी मी समजावून सांगत असे, की हा कोल्हा नव्हे, खोकड आहे. कोल्हा अंगानं थोराड. खोकड मांजराहून जरा मोठी, पाय काडीसारखे, शेपटीचं टोक काळं. आता सांगत नाही. चहा घेणार का, एवढंच विचारतो.

कोल्ह्याचं तोंड दिसणं आमच्या भागात फार शुभ. कुणाचं अडलेलं काम चुटकीसरशी झालं की 'आज कोल्ह्याचं तोंड बघितलं होतंस काय रे' असं हमखास विचारतात. तसं असेल तर आम्हा नवराबायकोएवढं भाग्यवान पंचक्रोशीत कुणी नसायला हवं. आमची एकच मुलगी जगली, ती तिसरं वर्ष पुरं व्हायच्या आत गेली, आणि तिचा एकही फोटो आमच्याजवळ नाही. घरात कॅमेरा असून नाही. टिटव्या, कोतवाल, खंडे, बगळे यांच्या फोटोंनी पत्र्याची एक पेटी भरलेली आहे, त्यात ती कुठंच नाही. आणि आता आम्हा दोघांनाही तिचा चेहरा नीट आठवत नाही. मूल गेल्याचं दुःख लोकांना कळतं, ते येऊन बसतात, पाठीवर हात ठेवतात. हे दुसरं दुःख कुणाला सांगायचं?

साठच्या दशकातली ही गोष्ट. मी उमरोळीला गवताच्या वखारीवर कारकून होतो, तिथल्या बोलीत मेहता. हल्लीच्या मुलांना वखार म्हटलं की लाकडाची वाटते. आमची गवताची. पालघरपासून बोईसरपर्यंत तेव्हा माळच्या माळ गवताचे होते. दिवाळी झाली की डोंगराकडची माणसं बायकापोरांसकट खाली उतरायची, विळे चालायचे, कापलेलं गवत सुकलं की बैलगाड्यांनी वखारीत यायचं. तिथं त्याच्या घराएवढ्या गंजी रचायच्या. मग ते प्रेसमध्ये दाबून, तारेनं आवळून त्याच्या गासड्या करायच्या आणि मालगाडीच्या डब्यांत भरून मुंबईच्या तबेल्यांना पाठवायच्या. मुंबईच्या म्हशी आमचं गवत खात, मुंबईची माणसं त्या म्हशींचं दूध पीत, आणि आमच्या वाट्याला अंगाची खाज. वखारीच्या कुंपणाला लागून दोन खोल्यांचं कौलारू घर मला राहायला होतं. तिथं मी, बायको आणि माझी आई.

कॅमेरा मामांनी दिलेला. ते बोटीवर नोकरीला होते. काळी चौकोनी पेटी, पुढे एक वाटोळी काच, वर बोटाएवढी दुसरी काच. पेटी पोटाशी धरायची, मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं आणि बाजूचा खटका दाबायचा. ऊन हवं, आणि समोरच्यानं हलता कामा नये. म्हणजे पाखरांचे फोटो काढायला याहून नालायक यंत्र दुसरं नसेल. तरी मी पाखरांचेच काढायचो. का, ते मला नीट सांगता येणार नाही. दिवसभर काट्यावर गवत जोखून, हमालांशी आणि गाडीवानांशी ओरडून घसा बसायचा, आणि त्या सगळ्या गदारोळात तारेवर बसलेला कोतवाल आपला शांतपणे किडे टिपत असायचा. त्याच्याकडे बघितलं की मला बरं वाटायचं, एवढंच. फोटोत तो तिळाएवढा यायचा. टिटवीनं एकदा रुळांशेजारच्या खडीत अंडी घातली होती. तिचा फोटो बरा आला, पण त्यात टिटवी कुठली आणि खडी कुठली हे मलाच लोकांना बोट लावून दाखवावं लागायचं.

प्रेसवरचा मुकादम चेष्टा करायचा. "मेहता, चिमनीचा फोटो काडून काय चिमनीला देनार काय? आमचा काडा कवातरी, आमी काय वंगाळ दिसतो?" मग मी त्याचा काढला. मुंडासं बांधून, कंबरेवर हात ठेवून तो गासडीसमोर उभा राहिला. तो फोटो आहे. म्हणजे मुकादमाचाही आहे.

मुलगी झाली तेव्हा घरात आनंदापेक्षा धसका जास्त होता. आधी दोनदा पाळणा रिकामाच उतरवून ठेवला होता. आईनं तिच्या जन्माच्या वेळीच डहाणूपलीकडच्या महालक्ष्मीला नवस बोलला: हिचं जावळ तुझ्या पायरीशी काढीन, तोवर हिला कात्री लावणार नाही, आरसा दाखवणार नाही, फोटो काढू देणार नाही. आईच्या लेखी आरसा आणि फोटो एकच. "आपलं रूप एकदा भायेर पडलं ना, मंग त्याला कुनाची नजर लागल ते आपल्या हातात नाय," ती म्हणायची. पहिल्या वर्षी जावळ काढायचं, तर त्याच वर्षी माझे वडील गेले आणि वर्षभर घरात शुभकार्य बंद झालं. दुसरं वर्ष सम, त्यात जावळ काढत नाहीत. राहिलं तिसरं. चैत्रात महालक्ष्मीची जत्रा भरते, तेव्हा जाऊ असं ठरलं.

तो नवस मला खुळचट वाटत होता असं आज म्हटलं तर ते खोटं होईल. दोनदा रिकामा पाळणा बघितलेला माणूस देवीशी वाद घालत नाही. मला वाटायचं, एवढ्यावर भागत असेल तर स्वस्तात सुटलो. फोटो काय, चैत्रानंतर काढता येतील, सगळा रोल तिच्यावरच खलास करू. बायकोनं तर फ्रॉकचं कापडसुद्धा आणून ठेवलं होतं, फोटोत खुलून दिसेल असं, पांढऱ्यावर मोठे ठिपके असलेलं.

केस कधीच न कापल्यामुळे ते तिच्या डोळ्यांवर यायचे. बायको त्यांची डोक्यावर शेंडी बांधायची, लाल दोऱ्यानं. मुलगी तो दोरा ओढून सोडायची. चालायला लागल्यापासून ती माझ्यामागे वखारीत. आई ओरडायची, गवतात साप असतात. पण ती कुणाचं ऐकणाऱ्यातली नव्हती, आणि तिच्या मागे धावण्यापेक्षा तिला जवळ ठेवणं सोपं होतं. मी फोटो काढायला उभा राहिलो की ती माझ्या डाव्या बाजूला येऊन लेंगा मुठीत धरायची. खटका वाजला की "झाला!" असं ओरडायची, आणि आधीच लांब असलेलं पाखरू उडून जायचं. एकदा मी पेटी ओट्यावर ठेवून तोंड धुवायला गेलो, येऊन बघतो तर ही पुढच्या वाटोळ्या काचेला नाक लावून बसलेली. आईनं धावत येऊन काचेवर पदर टाकला. स्वतःचा चेहरा मुलीनं जन्मात कधी पाहिला नाही. त्या काचेत काय दिसलं असेल तेवढंच.

खोकड आली त्या थंडीत. मोठ्या गंजीच्या बुडाशी उंदरांचा सुळसुळाट झाला होता, त्यांच्या वासानं आली असावी. कापणी झालेला माळ उघडा पडला की या जनावरांना लपायला जागा उरत नाही. आधी ती कुंपणापलीकडून बघायची. मग सकाळी उन्हं वर आल्यावर गंजीच्या उबेला येऊन बसायला लागली. कुत्री भुंकली की पसार.

किनाऱ्यावरच्या दांडी गावची एक कोळीण आठवड्याच्या आठवड्याला वखारीवर सुके बोंबील घेऊन यायची. डोंगराकडच्या माणसांचं कालवण त्याच्यावरच चालायचं. मुलीला बघितलं की ती टोपलीतलं तुटकं डोकं, शेपटीचा तुकडा असं काहीतरी हातावर ठेवायची. ते खायचं नाही हे मुलीला बरोबर कळायचं. दोन बोटांत धरून, नाक मुरडून ती ते गंजीजवळ न्यायची आणि फेकायची. तिचं फेकणं म्हणजे तिच्याच पायाशी पडायचं. पण खोकडीला ते समजलं. मोठी माणसं दिसली की पळणारी खोकड या पोरीसमोर कान टवकारून थांबायला लागली. माझ्याकडे तिचं लक्षच नसायचं. मी तिच्या दृष्टीनं पोरीशेजारचा एखादा खांब असेन.

मी ठरवलं, या खोकडीचा फोटो काढायचाच. पेटी घेऊन गंजीशी रचलेल्या गासड्यांच्या आडोशाला रोज उभा राहू लागलो. शेजारी ही, हातात बोंबील. "भूभू आली?" असं ती कुजबुजायची, म्हणजे तिला कुजबुजणं वाटायचं तसं, वखारभर ऐकू जाईल असं. पौषातल्या एका सकाळी खोकड आली. उन्हात आली, जवळ आली, आणि गंजीच्या कडेला पुढचा एक पाय उचलून थांबली. मी काचेत बघत होतो. मुलीनं लेंगा घट्ट धरला होता. मी खटका दाबला.

"झाला!"

खोकड गेली. पण फोटो आला. पालघरच्या स्टुडिओवाल्यानं तो धुऊन माझ्या हातात दिला तेव्हा तो स्वतःच म्हणाला, "मेहता, हा तुम्ही काढला?" कान, मिशा, उचललेला पाय, गवताची काडी न् काडी. आयुष्यात तेवढा एक फोटो मला जमला.

आणि मग गंमत झाली. वखारीचे मालक शेठ तिथं आले होते, त्यांनी फोटो बघितला आणि सरळ खिशात घातला. "कोल्ह्याचं तोंड! गादीवर लावतो." मी म्हटलं, शेठ, ही खोकड आहे. ते म्हणाले, "लक्ष्मीला फरक कळत नाही, तू गप्प बस." दुसरी प्रत बोईसर स्टेशनबाहेरच्या चहावाल्यानं नेली. सालवडचा आमचा एक हमाल तारापूरच्या किनाऱ्याकडे मोठं बांधकाम सुरू झालं होतं तिथं कामाला लागायच्या खटपटीत होता. तो फोटो खिशात ठेवून गेला आणि त्याच दिवशी त्याला घेतलं. झालं! बातमी वाऱ्यासारखी पसरली. पिठाची गिरणी, शिंप्याचं दुकान, न्हाव्याच्या आरशाशेजारी, जो तो म्हणायचा, कोल्हा द्या. स्टुडिओवाला प्रती काढून दमला. मला लोक कोल्हेभाऊ म्हणू लागले. खोटं कशाला बोलू, मला आवडायचं. बायको म्हणायची, "गावभर नशीब वाटून झालं असंल तर जरा घरात पन बगा." हसत म्हणायची. तेव्हा ती हसायची.

माघ संपता संपता मुलीला ताप आला. घसा दुखतो असं तिला सांगता येत नव्हतं, ती नुसती गळ्याला हात लावायची. आईनं गळ्याला हळदीचा लेप लावला. दुसऱ्या दिवशी आवाज बसला, श्वास घेताना घरघर होऊ लागली. मी तिला घेऊन पालघर गाठलं. डॉक्टरांनी घशात बघितलं आणि माझ्याकडे न बघता सांगितलं, घटसर्प आहे, मुंबईला न्या. त्यांनी इंजेक्शन दिलं. आम्ही स्टेशनवर गाडीची वाट बघत बाकावर बसलो होतो, ती बायकोच्या मांडीवर. गाडी आली तेव्हा आम्ही उठलो नाही. उठायचं कारण उरलं नव्हतं.

लहान मुलांना आमच्यात पुरतात. जावळासकटच पुरली. आईनं तिच्या शेंडीचा लाल दोरा तेवढा काढून घेतला.

पहिले काही दिवस काही सुचलं नाही. मग एका सकाळी बायको माझ्यासमोर कॅमेरा घेऊन उभी राहिली. "यात रोल हाय ना?" होता. खोकडीच्या फोटोनंतर घातलेला, अर्धाअधिक संपलेला. आणि ती काय विचारते आहे हे मला कळलं. तापाच्या थोडे दिवस आधी आम्ही तळ्यावर गेलो होतो. सोडलेल्या बैलांच्या पायांत गायबगळे फिरत होते. मी पेटी पोटाशी धरून मान खाली घातली, आणि तेवढ्यात मुलीनं माझा लेंगा सोडला आणि दोन्ही हात पसरून बगळ्यांवर धाव घेतली. मी दचकलो. खटका दाबला गेला. ती तेव्हा कुठपर्यंत पोचली होती? काचेत मला पांढरं पांढरं काहीतरी हललेलं दिसलं होतं. बगळे पांढरे. तिचा फ्रॉकही त्या दिवशी पांढरा.

"असंल ती त्यात," बायको म्हणाली. "पाठमोरी तरी असंल."

मी म्हटलं, असेल. रोल पालघरला दिला. त्या वेळी स्टुडिओवाल्याकडे फोटो धुवायची औषधं यायची होती, थांबावं लागणार होतं. ते थांबणं मी कधी विसरणार नाही. आम्ही दोघं वेड्यासारखे वागायला लागलो. बायको रोज संध्याकाळी मला विचारायची, ती धावली ती माझ्या डावीकडून ना? मग सरळ गेली का तिरकी? बैल कुठं उभे होते? मी अंगणात रेघा ओढून दाखवायचो. आईसुद्धा, जिनं नवस बोलला होता ती, दारात उभी राहून ऐकायची आणि एकदा म्हणाली, "पाठ दिसली तरी पुरं रे." देवीची भीती कुणालाच उरली नव्हती. फोटोत ती असावी, एवढीच आमच्या घराची इच्छा होती.

फोटो आले. बैलांचे पाय आले. पंख अर्धे उघडलेले बगळे आले, एक तर इतका छान की एरवी मी नाचलो असतो. डावीकडे मोकळं गवत. तिची सावलीसुद्धा नाही. स्टुडिओवाल्याला सगळं माहीत होतं. त्यानं भिंग आणून दिलं, आम्ही दोघांनी तो कागद कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत बघितला. शेवटी तो चाचरत म्हणाला, "मेहता, एक करता येतं. तुमचा आणि वहिनींचा चेहरा बघून मी मुलीचा चेहरा रंगवून देतो. पुष्कळ लोक करून घेतात. थोडं वर्णन सांगा." मी घरी येऊन बायकोला विचारलं. वर्णन सांगायला बसलो आणि तिथंच आमचं बिनसलं. हसताना खळी पडायची ती मी उजव्या गालावर म्हटलं, ती म्हणाली डाव्या. मी म्हटलं उजव्या, मी रोज बघत होतो. ती म्हणाली, "तुमी पाखरं बगत होते." मग दोघांनाही एकाच वेळी कळलं की आपल्यापैकी कुणालाच खात्री नाही. ती जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. रंगवलेला चेहरा नको, असं मी स्टुडिओवाल्याला कळवलं.

त्यानंतर बायकोनं खोकडीच्या फोटोचा राग धरला. त्यात चूक काही नव्हती. सालवडच्या हमालाला नोकरी लागली, शेठच्या गादीवर भरभराट, आणि ज्या घरातून ते तोंड निघालं त्या घरात हे. एका सकाळी मी अंगणात दात घासत होतो. आत चूल पेटली होती. तिनं पत्र्याच्या पेटीतून तो फोटो काढलेला मला खिडकीतून दिसला. जाळणार, असं मला वाटलं आणि मी तिला अडवणारही नव्हतो. पण बराच वेळ काही हालचाल नाही. मग तिनं हाक मारली, "अवो, इकडं या."

चुलीपुढे बसून ती फोटोकडे बघत होती.

"ही तुमच्याकडं बगत नाय."

"जनावर आहे. बघेल कुठंही."

"कुठंही नाय. तुमी कुठं उभे होते? दाखवा."

मी तिथंच स्वयंपाकघरात उभा राहिलो, पेटी पोटाशी धरल्यासारखे हात धरून. "आनि ती?" मी डावा हात सोडून गुडघ्याजवळ धरला, जिथं ती लेंगा पकडायची तिथं. बायको उठली, आणि माझ्या डाव्या पायाशी, अगदी त्या जागेवर येऊन बसली. तिनं फोटो लांब धरला. मी वरून बघत होतो. आणि मला दिसलं. इतक्या प्रती वाटल्या, इतक्यांनी तो भिंतीवर लावला, मी स्वतः तासन् तास न्याहाळला, आणि मला हे दिसलं नव्हतं. खोकड कॅमेऱ्याकडे बघतच नाही. तिची मान किंचित वळलेली आहे आणि नजर खाली, माझ्या डावीकडे, बोंबील धरलेल्या हाताच्या उंचीवर.

"ती पोरीकडं बगते," बायको म्हणाली, आणि मोठ्यानं रडायला लागली. पुरून आल्यापासून ती पहिल्यांदा रडली. आई धावत आली, तिलाही दाखवलं. आईनं फोटो हातात घेऊन त्या खोकडीचीच अलाबला घेतली, बोटं कानशिलावर मोडली. मग तो फोटो वडिलांच्या फोटोशेजारी गेला. जाळायचा विषय पुन्हा निघाला नाही.

लोकांना वाटेल, चला, काहीतरी हाती लागलं. मलाही दोन दिवस तसं वाटलं. पण काय लागलं हाती? तिला बघणारं एक जनावर. त्या जनावरानं जे पाहिलं ते त्याच्या डोळ्यांत राहिलं, आमच्या नाही. मी भिंग घेऊन खोकडीच्या डोळ्यातसुद्धा बघितलं आहे. लोक म्हणतात डोळ्यात समोरच्याचं प्रतिबिंब पडतं. तिथं एक पांढरा ठिपका आहे. तो उन्हाचा आहे.

मोठी गंजी मोडायची वेळ आली तेव्हा मी एकदा सकाळी तिथं गेलो. बोंबील नेला होता, मुलीचं काम आपण करावं म्हणून. खोकड आली. पूर्वीच्याच जागी थांबली, पूर्वीसारखाच पाय उचलला आणि माझ्या डावीकडे बघत राहिली. मी बोंबील फेकला. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. पुन्हा तिथंच बघितलं. मग एकदा, पहिल्यांदाच, तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि कुंपणाखालून निघून गेली. कॅमेरा गळ्यात होता. माझा हात उचलला गेला नाही. दुसऱ्या दिवशी गंजी मोडली, गासड्या झाल्या, डबे भरले आणि गवत मुंबईला गेलं. खोकड परत दिसली नाही.

चैत्रात आई एकटीच महालक्ष्मीला गेली. लाल दोरा घेऊन गेली होती. तिथं तिनं काय केलं ते तिनं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. पुढं पाळणा कधी हलला नाही. त्या दशकाच्या शेवटी मी वखार सोडली, माळावर तेव्हा गवतापेक्षा खडीच्या ट्रकांची धूळ जास्त असायची. पाखरांचे फोटो नंतरही काढले, नाही असं नाही. पण खटका वाजला की मी आपोआप थांबतो, आणि कुणी "झाला" म्हणत नाही.

गेल्या पावसाळ्याआधी बोईसरला काम होतं म्हणून गेलो होतो. स्टेशनबाहेरचा तो चहावाला आता राहिला नाही, मुलगा बसतो. फोटो अजून आहे, काच धुरानं आणि तेलानं पिवळी पडलेली. "भाऊ, हा लई जुना हाय," मुलगा मला म्हणाला. "बाप सांगायचा, कोल्ह्याचं तोंड बगून गल्ला उगडायचा, मंग दिवस चांगला जातो." मी म्हटलं, जातो का? तो म्हणाला, "जातो की."

कपाची वाट बघत मी त्या फोटोसमोर उभा होतो. दुकानात गर्दी नव्हती. मला वाटलं, एकदा तरी तिनं माझ्याकडे बघावं. मी एक पाऊल डावीकडे सरकलो. अजून एक सरकलो, भिंत लागेपर्यंत. मग गुडघे दुखत असताना तिथल्या फरशीवर उकिडवा बसलो, मुलीच्या उंचीला आलो आणि वर बघितलं. मुलगा म्हणाला, "काय पडलं काय, भाऊ?" मी म्हटलं, काही नाही.

फोटोतल्या नजरेचं असं असतं, हे इतकी वर्षं फोटो काढून मला तेव्हा कळलं. मी उभा राहिलो, बसलो, इकडे गेलो, तिकडे गेलो, तरी खोकड माझ्याकडे बघत नाही. ती माझ्या डाव्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर बघते. तिथं कुणी नसतं.